प्रेषितांच्या सरोवरातील मासळी

प्रभू येशूच्या सार्वजनिक जीवनातील कितीतरी घटना गालीलच्या सरोवराकाठी घडल्या. गनेसरेत, तिबिर्य, किन्नेरेत अशी या जलाशयाची अनेक नावे आहेत. पवित्र शास्त्रात त्यास समुद्र म्हटले असले, तरी ते गोड्या पाण्याचे सरोवर आहे. त्याची लांबी सुमारे २१ किलोमीटर व रुंदी १२-१३ किलोमीटर असून पाण्याची पातळी समुद्रसपाटीच्याही सुमारे २१० मीटर खाली आहे. यार्देन नदी उत्तरेकडून त्यात शिरते आणि दक्षिणेकडून बाहेर पडते. आपण या सरोवराकडे शुभवर्तमानाची पार्श्वभूमी म्हणून पाहतो. परंतु पेत्र, अंद्रेय, याकोब आणि योहान यांच्या दृष्टीने ते पोटापाण्याचे ठिकाण होते. त्यांच्या जाळ्यात येणाऱ्या मासळीचे पुढे काय झाले, हा इतिहास आपल्याकडे फारसा सांगितला जात नाही.

या सरोवरातील मासेमारी प्रेषितांच्याही फार पूर्वीची आहे. १९८९ मध्ये पाणी ओसरले असता नैऋत्य किनाऱ्यावर ओहालो येथे सुमारे २३,००० वर्षांपूर्वीच्या मानवी वस्तीचे अवशेष उघडे पडले. त्यांत माशांची असंख्य हाडे सापडली. प्रभू येशूच्या काळी हा व्यवसाय चांगलाच भरभराटीस आला होता. मरिया मग्दालियेच्या मग्दाला गावाला ग्रीक भाषेत ‘तारिखेआय’ म्हणत. या नावात खारवलेल्या मासळीचा अर्थ आहे. तेथील मासळी खारवण्यास उत्तम असते, असे भूगोलकार स्ट्राबोने नमूद केले आहे. पहिल्या शतकातील इतिहासकार योसेफस याने रोमनांविरुद्धच्या उठावाच्या काळात तारिखेआय येथून २३० होड्या जमविल्याचे लिहून ठेवले आहे. जब्दीच्या होडीत मजुरीने ठेवलेली माणसे होती आणि पेत्राचे भागीदार होते, हे शुभवर्तमानकारही सांगतात. कफर्णहूमच्या जकातनाक्यावर लेवी बसलेला असे. कष्ट, भागीदारी आणि कर यांत गुंतलेला हा संसार होता.

या सरोवरात मूळच्या माशांच्या जाती विसाच्या आसपासच आहेत. त्यांत कोळ्यांचा पोशिंदा म्हणजे ‘मुश्त’. अरबी भाषेत मुश्त म्हणजे फणी. पाठीवरच्या काट्यांमुळे हे नाव पडले. यात्रेकरूंच्या ताटात ‘संत पेत्राचा मासा’ म्हणून येतो तो हाच. आपल्याकडच्या धरणांत मिळणारी चिलापी त्याच्याच कुळातली; मात्र तिची जात निराळी, मूळची आफ्रिकेची आणि १९५२ मध्ये भारतात आणलेली. मुश्तची मादी व नर दोघेही अंडी आणि पिले तोंडात सांभाळतात. हिवाळ्यात हे मासे तबघा येथील कोमट झऱ्यांकडे थव्याने येतात. त्याशिवाय मिशावाला बार्बेल आणि ‘किन्नेरेतचे सार्डिन’ म्हणून ओळखला जाणारा लहानसा रुपेरी मासा यांवरही कोळ्यांचा संसार चाले. खवले नसलेला मागूर जातीचा मासा मोशेच्या नियमशास्त्रानुसार अशुद्ध होता. रापण काठाला ओढून चांगले मासे निवडण्याचा आणि बाकीचे टाकून देण्याचा प्रभूचा दाखला त्या श्रोत्यांना वेगळा समजावून सांगावा लागला नसेल.

मात्र त्या काळीही सरोवर मागेल तेव्हा मासळी देत नव्हते. जवसाच्या धाग्याची जाळी दिवसाउजेडी माशांना दिसत. म्हणून कोळी रात्री निघत आणि सकाळी जाळी धुऊन वाळवत. रात्रभर राबूनही हाती काही न लागल्याचे पेत्राने प्रभूला सांगितले, ते त्या धंद्याचे नेहमीचेच दुःख होते. वल्ह्यांची होडी, दिसणारे जाळे आणि वाऱ्याची लहर यांनी मासेमारीला आपोआप मर्यादा घातली होती. माणूस घेई तेवढे सरोवर पुन्हा भरून देई.

१९८६ च्या अवर्षणात गिनोसारजवळच्या चिखलात दोन कोळी बंधूंना एक प्राचीन होडी सापडली. सुमारे ८ मीटर लांबीची ही होडी पहिल्या शतकाच्या आसपासची आहे. ती अनेक जातींच्या लाकडांचे तुकडे जोडून, पुन्हा पुन्हा डागडुजी करून वापरलेली आहे. गरीब कोळ्याचे जीवन तिच्या फळ्याफळ्यांतून दिसते. जगभरच्या ख्रिस्ती जनांना तिचा आनंद झाला. परंतु ती दिसली याचे कारण सरोवराचे पाणी फार खाली गेले होते. ओहालोची वस्तीही तशीच दिसली. ज्या घटीने आपल्याला इतिहास दाखविला, तीच माशांच्या मुळावर आली होती.

ही घट केवळ पावसाची नव्हती. १९५१ ते १९५८ या काळात सरोवराच्या उत्तरेकडील हुला येथील दलदल शेतीसाठी कोरडी करण्यात आली. तिची माती सुकू लागल्यावर तिच्यातील नत्राची संयुगे यार्देनवाटे सरोवरात येऊ लागली. १९६४ मध्ये राष्ट्रीय जलवाहिनी सुरू झाली आणि सरोवराचे पाणी देशभर नेले जाऊ लागले. वाढत्या लोकसंख्येला पाणी हवेच होते. त्यात दोष काढण्यासारखे काही नाही. परंतु नोव्हेंबर २००१ मध्ये पातळी समुद्रसपाटीच्या २१४.८७ मीटर खाली उतरली. पाणी मागे हटले की काठचा उथळ, वेताबोरूचा भाग कोरडा पडतो आणि माशांची विणीची जागा जाते. मुश्तच्या कुळातील एक मासा केवळ याच सरोवरात होता. इंग्रज पाद्री व निसर्गअभ्यासक हेन्री बेकर ट्रिस्ट्रम यांच्या नावावरून त्याच्या प्रजातीस ‘ट्रिस्ट्रामेला’ आणि जातीस ‘साक्रा’, म्हणजे पवित्र, असे नाव मिळाले. १९९० नंतर तो आढळलेला नाही. ‘पवित्र’ नावाचा तो मासा आपल्या डोळ्यांदेखत नाहीसा झाला.

सरोवराच्या आतला तोलही ढळला. दर वसंत ऋतूत तेथे येणारे एक सूक्ष्म शेवाळ मुश्तचे आवडते अन्न होते. १९९० च्या दशकाच्या मध्यापासून त्याचा बहर अनियमित झाला आणि १९९४ मध्ये निळ्या-हिरव्या जातीचे अपायकारक शेवाळ प्रथमच माजले. मागणी घटल्याने ‘सार्डिन’ची पकड कमी झाली, तेव्हा ते वाढून पाण्यातील सूक्ष्म प्राणिजीव फस्त करू लागले; सरकारला पैसे देऊन ते पकडून काढावे लागले. मुश्तचे वार्षिक उत्पन्न पूर्वी दोन-तीनशे टन असे, ते पुढे अवघ्या ८ टनांवर आले. २००९ पासून एका विषाणूनेही या कुळातील मासे मरू लागले. तो २०१४ मध्ये शास्त्रज्ञांनी जगापुढे आणला.

२०१० मध्ये सरकारने दोन वर्षे मासेमारी बंद ठेवण्याचे ठरविले, तेव्हा कोळ्यांनी विरोध केला. बारीक जाळी, विषप्रयोग हे दोष काही हातांकडून घडले होते, हे नाकारता येत नाही. परंतु पाणी ज्यांनी उपसले आणि काठ ज्यांनी सुकविला, त्यांचा हिशेब कोणी मागायचा? मासळी घटली की पहिले बोट कोळ्याकडे जाते. वसई-उत्तनच्या आपल्या कोळी कुटुंबांना हा अनुभव परका नाही. जून-जुलैची बंदी ते पाळतात. खाडीत सांडपाणी सोडणाऱ्याला मात्र कोणत्याच महिन्यात बंदी नसते.

मोशेच्या नियमशास्त्रात जमिनीलाही सातव्या वर्षी विसावा सांगितला आहे. पाण्यालाही तो हवा, आणि त्या विसाव्याचा भार एकट्या कोळ्यावर पडता कामा नये. २०१८ मध्ये इस्राएल सरकारने समुद्राचे पाणी गोडे करून सरोवरात सोडण्याची योजना मंजूर केली. २०२० च्या वसंतात चांगल्या पावसाने सरोवर जवळजवळ काठोकाठ भरले. घेतलेले परत करता येते, एवढा दिलासा त्यात आहे. मात्र गेलेली जात परत येत नाही.

पुनरुत्थित प्रभूच्या सांगण्यावरून टाकलेल्या जाळ्यात १५३ मासे आले, असे योहानाने लिहून ठेवले. शिष्यांनी ते मोजले होते. देणगीची मोजदाद ठेवणे ही कृतज्ञतेचीच रीत आहे. आपल्या खाडीत, तळ्यात, धरणात कोणती मासळी आजोबांच्या वेळी होती आणि आज नाही, याची मोजदाद आपण धर्मग्रामातील वृद्ध कोळ्यांना विचारून आताच करून ठेवली पाहिजे.