गिंको: एकेका पेशीतल्या डीएनएच्या प्रती मोजणारं सॉफ्टवेअर

आपल्या शरीरातल्या पेशीत बहुतेक जनुकांच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली, एक वडिलांकडून. कॅन्सरच्या पेशीत हा हिशोब बिघडतो. डीएनएचा एखादा तुकडा गायब होतो, तर एखाद्याच्या आठ-दहा प्रती होतात. यालाच कॉपी नंबर व्हेरिएशन किंवा सीएनव्ही म्हणतात. स्तनाच्या कॅन्सरमध्ये एचईआर-२ या जनुकाच्या प्रती वाढल्यात का, हे बघून ट्रास्टुझुमॅब हे औषध द्यायचं की नाही ते ठरवतात. म्हणजे ही मोजणी नुसती हौस नाही.

अडचण अशी की गाठीतल्या हजारो पेशींचा डीएनए एकत्र वाचला की हाती सरासरी येते. अर्ध्या पेशींत चार प्रती, अर्ध्यांत दोन, उत्तर तीन. आणि तीन प्रतींची पेशी तर गाठीत एकही नाही! म्हणून एकेक पेशी वेगळी करून वाचायची. निकोलस नेव्हिन आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये असं करून एकाच गाठीत पेशींची वेगवेगळी घराणी असू शकतात हे दाखवलं.

गिंको हे याच कामाचं मोफत, ओपन सोर्स टूल. अमेरिकेतल्या कोल्ड स्प्रिंग हार्बर लॅबोरेटरीत बनलं, २०१५ मध्ये 'नेचर मेथड्स'मध्ये प्रसिद्ध झालं. ते ब्राउझरमध्ये चालवता यावं असं बनवलंय, कोडिंग यायलाच हवं असं नाही.

गिंको जीनोमचे हजारो कप्पे पाडतं आणि प्रत्येक कप्प्यात डीएनएचे किती तुकडे पडले ते मोजतं. तुकडे जास्त, तर प्रती जास्त. पण ही मोजणी फक्त प्रमाण सांगते, खरा आकडा नाही. इथे एक साधी गोष्ट कामी येते: पेशीत अडीच प्रती असूच शकत नाहीत. समजा तीन भागांचं प्रमाण १, १.५ आणि २ आलं. दोनने गुणलं की २, ३, ४ असे पूर्णांक मिळतात. असा सगळ्यात चपखल बसणारा गुणक गिंको शोधतं. मात्र पेशीतला सगळाच डीएनए दुप्पट झाला असेल तर प्रमाण तेच राहतं आणि अंदाज चुकू शकतो. मग पेशीत एकूण डीएनए किती, हे प्रयोगशाळेत मोजून सॉफ्टवेअरला सांगावं लागतं.

दुसरा घोळ झेरॉक्सचा. एका पेशीत डीएनए जेमतेम ६-७ पिकोग्रॅम, त्यामुळे वाचण्याआधी तो वाढवावा लागतो. त्यात काही भाग जास्त वाढतात, काही कमी, आणि नसलेला सीएनव्ही दिसू लागतो. गिंकोच्या चमूने तीन पद्धती ताडून पाहिल्या. प्रती मोजायच्या कामात डीओपी-पीसीआर ही पद्धत एमडीए आणि मॅलबॅकपेक्षा सरस ठरली. गिंको शेवटी पेशींचा वंशवृक्षही काढून देतं. तो दिसायला झकास असतो, पण आधी प्रत्येक पेशीच्या डेटाचा दर्जा दाखवणारे आलेख बघा आणि खराब पेशी गाळा, मगच झाडाकडे वळा.

इन्फरसीएनव्ही आणि कॉपीकॅट ही नावंही कानावर येतील. ती डीएनए वाचत नाहीत, आरएनएवरून प्रतींचा अंदाज बांधतात.