अवयव पाडणारा माणूस

शाळेत वर्गसमीकरण आलं की आधी अवयव पाडायचे, नाहीच पडले तर सूत्र लावायचं, हा क्रम आपल्या अंगवळणी पडलेला. इतिहासात मात्र बरोबर उलटं झालं! वर्गसमीकरण सोडवायची रीत बाबिलोनी लोकांना जवळजवळ चार हजार वर्षांपूर्वी ठाऊक होती. आपले भास्कराचार्यही 'बीजगणिता'त (इ.स. ११५०) पूर्ण वर्ग करूनच उत्तर काढतात. अल्-ख्वारिझ्मीने तर नवव्या शतकात ऋण पदं टाळण्यासाठी समीकरणांचे सहा वेगळे प्रकार केले. म्हणजे सगळं डावीकडे आणून उजवीकडे नुसतं शून्य ठेवायचा प्रश्नच नाही. आणि शून्य नाही, तर अवयव पाडून उपयोग काय?

क्ष² − ५क्ष + ६ = ० म्हणजेच (क्ष − २)(क्ष − ३) = ०, अशा नजरेने समीकरणं पाहिली थॉमस हॅरियट या इंग्रजाने. मोठा अवलिया! १५८५ साली अमेरिकेतल्या रोअनोक वसाहतीत गेला, १६०९ साली दुर्बिणीतून पाहून चंद्राचं चित्र काढलं, तेही गॅलिलिओच्या आधी. पण हयातीत गणिताचं एक पान छापलं नाही. १६२१ मध्ये तो गेला. मित्रांनी १६३१ साली पुस्तक काढलं, पण त्यातून ऋण आणि काल्पनिक उत्तरं चक्क गाळली... त्याने स्वतः ती लिहून ठेवलेली असताना!

१६३७ मध्ये देकार्तचं पुस्तक आलं आणि श्रेय तिकडे गेलं. १६८५ मध्ये जॉन वॉलिसने देकार्तवर उचलेगिरीचा आळ घेतला. मला तो पटत नाही. राग येतो तो मित्रांचाच. हॅरियटचे मूळ कागद १७८४ साली पेटवर्थच्या वाड्यात सापडले.