अंगुलिमाल सुत्त : माहीत नसलेला भूतकाळ आणि समोरचा माणूस

समोरच्याने पूर्वी काय केले हे आपल्याला माहीत नसेल, तर त्या कृत्यांमुळे त्याच्याविषयीचा आपला अनुभव बदलतो का? मज्झिम निकायातील ८६ व्या, अंगुलिमाल सुत्तातील एक प्रसंग याचे उत्तर देतो.

कोसलचा राजा पसेनदी पाचशे घोडेस्वारांसह दरोडेखोर अंगुलिमालाला पकडायला निघाला होता. वाटेत तो भगवान बुद्धांना भेटला. अंगुलिमाल हिंसा सोडून भिक्खू झालेला दिसला तर काय कराल, असे भगवंतांनी विचारले. वंदन करू, चीवर व भोजन देऊ, असे राजा म्हणाला. पण असा दुष्ट शीलवान होईल कसा, ही शंकाही त्याने काढली. अंगुलिमाल जवळच बसला होता. भगवंतांनी हात करून तो दाखवताच राजाच्या अंगावर काटा आला.

क्षणापूर्वी तोच भिक्खू तिथेच बसलेला होता आणि राजा निर्धास्त होता. भिक्खू बदलला नाही, राजाची माहिती बदलली. भगवंतांनी धीर दिल्यावर राजाने अंगुलिमालाची विचारपूस केली आणि दान देऊ केले.

कृत्यांचे परिणाम मात्र सुत्त नाकारत नाही. पुढे भिक्षेला गेलेल्या अंगुलिमालाचे डोके दगड-काठ्यांनी फुटले, तेव्हा भगवंतांनी त्याला ते सहन करायला सांगितले.

अंगुलिमालाची कृत्ये खरी होती, माहीत होती. माहीत नसलेली कृत्ये गृहीत धरली तर काय? देवदह सुत्तात निगंठ म्हणतात, सारे सुखदुःख पूर्वकर्मामुळेच. ती कर्मे तुम्ही केली हे तुम्हाला माहीत आहे का, असे भगवंत विचारतात. उत्तर येते, नाही.

बाबासाहेबांनीही १९५७ साली प्रकाशित झालेल्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात गतजन्मीच्या कर्माचा सिद्धांत नाकारला. गरिबांच्या दुःस्थितीची जबाबदारी त्यामुळे समाज आणि राज्य झटकू शकतात, हा त्यांचा आक्षेप होता.

ब्रिटिशांनी १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने हेच गृहीतक जन्माला चिकटवले. तो कायदा १९५२ साली रद्द झाला, तरी चोरी झाली की संशय आधी पारध्यांच्या पालावर जातो. तिथे कोणाचेही कृत्य माहीत नसते, फक्त जात माहीत असते.

म्हणून वस्तीत काम करताना प्रश्न स्वतःलाच विचारावा : या माणसाचे कोणते कृत्य मला खरोखर माहीत आहे, आणि कोणते मी त्याच्या आडनावावरून ठरवले?