दिवा नसलेली सायकल

सकाळी सहाला त्र्यंबक रोडला उभं राहिलात, तर नाशिकचे दोन प्रकारचे सायकलवाले दिसतील. काही जण हेल्मेट घालून, मागचा लाल दिवा लुकलुकवत अंजनेरीकडे निघालेले. बाकीचे सातपूर एमआयडीसीत पहिल्या पाळीला चाललेले. हँडलला डब्याची पिशवी, दिवा नाही, ब्रेकही बहुधा एकच.

माझे पप्पा दुसऱ्या प्रकारातले. बावीस इंची काळी अ‍ॅटलास, तिच्यावर रोज जाऊन-येऊन चौदा किलोमीटर, अठरा वर्षं. त्यांना 'सायकलिस्ट' कुणी म्हटलं नाही. मी मात्र दोन रविवार नवी सायकल चालवली आणि सोसायटीत सायकलिस्ट झाले.

या शब्दाला नाशिकमध्ये वजन आलं ते गेल्या काही वर्षांतच. २०१२ साली, तेव्हा इथे पोलीस अधिकारी असलेल्या हरीश बैजल यांच्या पुढाकाराने नाशिक ते पंढरपूर सायकल वारी सुरू झाली. त्यातूनच पुढे नाशिक सायक्लिस्ट्स फाउंडेशन उभं राहिलं. मला यातली हुशारी उशिरा कळली. 'व्यायाम करा' म्हणून लोक येत नाहीत, पण वारी म्हटलं की घरचेही अडवत नाहीत. संत निवृत्तिनाथांची पालखी त्र्यंबकेश्वरहून पायी निघते, ती तीन आठवड्यांहून जास्त चालते. सायकलवर तीच दिशा मोजक्या दिवसांत गाठता येते. डॉक्टर, दुकानदार, शिक्षक, कॉलेजची मुलं एका रांगेत निघाली आणि क्लबला आपोआप आकार आला.

मग २०१५ आलं. डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन हे नाशिकचे दोघे भाऊ अमेरिकेत 'रेस अक्रॉस अमेरिका'ला उतरले. कॅलिफोर्नियातल्या ओशनसाइडपासून पूर्व किनाऱ्यावरच्या अ‍ॅनापोलिसपर्यंत, सुमारे ४,८०० किलोमीटर. या शर्यतीत टप्पे नसतात. घड्याळ एकदा सुरू झालं की थांबत नाही, झोपलात तरी वेळ मोजला जातो. एकूण चढ एव्हरेस्टच्या उंचीच्या पाचपटीहून जास्त. दोघांनी आळीपाळीने सायकल मारत हे अंतर ८ दिवस १४ तास ५५ मिनिटांत कापलं. ही शर्यत पूर्ण करणारा तो पहिला भारतीय संघ. दोनच वर्षांनी, २०१७ मध्ये, लष्करातले डॉक्टर आणि तेव्हा नाशिकला असलेले लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुलनाथ यांनी तीच शर्यत एकट्याने, बारा दिवसांच्या मर्यादेत पूर्ण केली. तसं करणारे ते पहिले भारतीय. त्यांच्या पाठोपाठ नागपूरचे डॉ. अमित समर्थ पोचले.

मी हे सगळं पप्पांना मोबाइलवर दाखवत होते. एका नियमावर ते थांबले. रात्री स्पर्धकाच्या मागे दिवे लावलेली गाडी असलीच पाहिजे, असा तो नियम. त्यांनी मला परत वाचायला लावलं.

"मागे गाडी? कशाला?"

"मागून येणाऱ्याला सायकल दिसावी म्हणून."

ते गप्प बसले. मला तेव्हा आठवलं. दुसरी पाळी करून येताना एका टेम्पोने त्यांना मागून उडवलं होतं. गळ्याजवळचं हाड मोडलं. टेम्पोवाला थांबून म्हणाला होता, "काका, दिसलाच नाहीत हो!" तो खोटं बोलत नव्हता. त्यानंतर अ‍ॅटलास विकली आणि हप्त्यावर स्कूटर आली. घरात हे नेहमी प्रगतीची गोष्ट म्हणून सांगितलं गेलं. खरं तर पप्पा घाबरले होते.

आमच्या छंदाच्या जगात अंधाराचे नियम कडक आहेत. ब्रेव्हे नावाच्या लांब पल्ल्याच्या राइड्स असतात. २०० किलोमीटर साडेतेरा तासांत, ६०० किलोमीटर चाळीस तासांत. पहिला नंबर, दुसरा नंबर काही नाही, फक्त वेळेत पोचायचं. पण रात्री दिवा आणि चमकणारं जॅकेट हवंच. रोज अंधारात पोटासाठी सायकल मारणाऱ्याला मात्र हे कुणी विचारत नाही आणि देतही नाही.

क्लबचा इतिहास सांगताना आपण विक्रम मोजतो, आणि मोजावेतच. महाजन बंधूंमुळे माझ्यासारख्या कितीतरी जणी सायकलवर बसल्या. पण या शहराची सायकल २०१२ ला जन्मली नाही. ती त्याआधी कितीतरी वर्षं पाळीच्या भोंग्यावर चालत होती. अ‍ॅटलासचा साहिबाबादचा कारखाना ३ जून २०२० ला, नेमका जागतिक सायकल दिनी, बंद पडला. पप्पांनी ती बातमी वाचून पेपर घडी करून ठेवला.

मागच्या दिवाळीआधी आम्ही पाच-सहा जण चमकणाऱ्या पट्ट्यांची रोळं घेऊन सातपूरला एका गेटबाहेर उभे राहिलो. सुरुवातीला कुणी थांबेना. "किती पैसे?" विचारून लोक पुढे जात होते. पप्पा सहज म्हणून आले होते. त्यांनी एका पोराची सायकल सरळ कॅरिअरला धरून थांबवली आणि मागच्या मडगार्डवर पट्टी चिकटवली.

"फुकट आहे. मला मिळाली नव्हती," एवढंच म्हणाले.

त्यानंतर रांग लागली.