एका गुन्हेकथेची वंशावळ

1927 च्या मार्च महिन्यात न्यूयॉर्क शहराच्या क्वीन्स भागातील एका सुखवस्तू घरात आल्बर्ट स्नायडर नावाच्या गृहस्थाचा रात्री बिछान्यातच खून झाला. तो नौकाविहारविषयक एका मासिकाचा कलासंपादक होता. घरात दरोडेखोर शिरले, त्यांनी आपल्याला बांधून घातले आणि दागिने पळवले, अशी जबानी त्याची पत्नी रूथ हिने पोलिसांना दिली. परंतु पळवलेले म्हणून सांगितलेले दागिने तिच्याच गादीखाली सापडले, आणि लवकरच तिचा प्रियकर हेन्री जड ग्रे, जो स्त्रियांच्या कॉर्सेटांचा फिरता विक्रेता होता, तोही पोलिसांच्या ताब्यात आला. नवऱ्याला धड कल्पना नसताना त्याच्या नावे विमा उतरवलेला होता आणि मृत्यू अपघाती ठरल्यास त्याची रक्कम दुप्पट मिळावयाची होती, ही गोष्ट तपासात उघड झाली. आणि ज्या दोघांनी एकमेकांसाठी हा अघोर उद्योग केला, ती दोघे न्यायासनासमोर उभी राहताच एकमेकांवर सगळा दोष ढकलू लागली. 12 जानेवारी 1928 रोजी सिंग सिंग तुरुंगात दोघांनाही विजेच्या खुर्चीवर देहान्त शासन देण्यात आले. त्या वेळी एका छायाचित्रकाराने आपल्या घोट्याला बांधलेल्या लपवलेल्या कॅमेऱ्याने रूथचे अखेरच्या क्षणाचे छायाचित्र घेतले आणि दुसऱ्या दिवशी ते वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर झळकले.

या खटल्याच्या काळात त्याच शहरातील ‘वर्ल्ड’ या दैनिकात जेम्स एम. केन नावाचा एक मेरीलंडकडचा लेखक अग्रलेख लिहीत असे. त्याचे वडील एका महाविद्यालयाचे प्रमुख होते, घरात शुद्ध भाषेचा कटाक्ष होता, आणि तरीही, किंबहुना त्यामुळेच असेल, रस्त्यावरच्या माणसाच्या तोंडची भाषा जशीच्या तशी पकडण्याची विलक्षण हातोटी त्याने कमावली होती. पुढे 1931 मध्ये पटकथालेखनाच्या नोकरीसाठी तो कॅलिफोर्नियात गेला. तेथे त्याचे फारसे जमले नाही. मात्र मोटारीतून त्या प्रांतभर हिंडताना रस्त्यालगतच्या खाणावळी, पेट्रोलचे पंप आणि पोटासाठी गावोगाव भटकणारी माणसे त्याने डोळे उघडे ठेवून पाहिली. 1934 मध्ये त्याची पहिली कादंबरी प्रसिद्ध झाली, ‘द पोस्टमन ऑलवेज रिंग्ज ट्वाइस’. आरंभी त्याने तिला ‘बार-बी-क्यू’ असे नाव दिले होते. ते प्रकाशकाला पसंत पडले नाही म्हणून हे नवे नाव आले. कादंबरीत टपालवाला कोठेच येत नाही, तरी त्या शीर्षकाने वाचकाला कधी अडखळवले नाही. बॉस्टनमध्ये तिच्यावर अश्लीलतेचा ठपका आला. खप मात्र वाढतच गेला.

कथानक थोडक्यात सांगण्यासारखे आहे. फ्रँक चेंबर्स हा बेकार भटक्या एका आडवाटेच्या खाणावळीत येतो. मालक निक पापाडाकिस हा ग्रीक देशातून आलेला मनमोकळा, गाणारा, पाहुण्यावर पटकन विश्वास टाकणारा माणूस. आणि त्याची तरुण पत्नी कोरा ही त्या स्वयंपाकघरात आणि त्या संसारात घुसमटलेली. निकला न्हाणीघरात मारण्याचा पहिला प्रयत्न एका मांजराने फसतो: शिडीवरून चढलेले मांजर विजेच्या पेटीवर पाय ठेवते, मरून पडते आणि सारे घर अंधारात बुडते. दुसरा प्रयत्न डोंगरातील रस्त्यावर होतो. निक दारूच्या नशेत मोटारीच्या खिडकीतून हनुवटी बाहेर काढून दरीकडे तोंड करून उंच स्वर लावतो, कारण तेथे प्रतिध्वनी फार सुरेख उमटतो हे त्याच्या ध्यानात आलेले असते. तो स्वर सोडतो, फ्रँक त्याच्या डोक्यात घाव घालतो, आणि घाव बसून तो गतप्राण झाल्यानंतर त्याचाच स्वर दरीतून परत येतो. खुनाची इतकी भयंकर आणि इतकी अल्पाक्षरी हकीकत माझ्या वाचनात दुसरी नाही. शेक्सपिअरच्या मॅक्बेथला मेजवानीत दिसणाऱ्या भुताचे काम येथे एका प्रतिध्वनीने केले आहे.

त्यानंतर येणारा खटल्याचा भाग वाचकांना रुक्ष वाटतो असे म्हणतात. मला तो कादंबरीचा कणा वाटतो. सरकारी वकील सॅकेट हा फ्रँककडून कोराविरुद्ध फिर्यादीवर सही घेतो. हे कळताच कोरा संतापून सगळा कबुलीजबाब देऊन टाकते. परंतु बचावाचा वकील कॅट्झ याने तो कबुलीजबाब सरकारी माणसाऐवजी आपल्याच पदरच्या इसमाकडून लिहून घेतलेला असतो, त्यामुळे तो दस्तऐवज न्यायालयात पोहोचतच नाही. मग निरनिराळ्या विमा कंपन्यांना कॅट्झ असा हिशेब मांडून दाखवतो की खून सिद्ध होण्यापेक्षा अपघात मान्य करून दहा हजार डॉलर देणे त्यांनाच स्वस्त पडावे. सत्य काय आहे याची कोणालाच गरज उरत नाही. प्रेमिकांपाशी मात्र ते उरते: दोघांनी एकमेकांना पोलिसांच्या स्वाधीन केले आहे आणि दोघांनाही ते ठाऊक आहे. स्नायडर खटल्यातून केनने खरोखर उचलले असेल तर ते विम्याची रक्कम किंवा खुनाची रीत नव्हे. एकाच पापात भागीदार झालेल्या दोन माणसांना पुढे एकमेकांची भीती वाटू लागते, हे त्याने उचलले. अखेरीस कोरा मोटारीच्या अपघातात मरते, तो अपघात खराच असतो, आणि न केलेल्या त्या खुनासाठी फ्रँकला मृत्युदंड ठरतो. सबंध कादंबरी ही मृत्युकोठडीतून लिहिलेली त्याची कैफियत आहे. आपल्या ‘परका’ या अर्थाच्या फ्रेंच कादंबरीवर या पुस्तकाचा परिणाम झाला, हे आल्बेर कामूने मान्य केले आहे, आणि दोन्ही निवेदकांचा अंत आठवला की त्यात नवल वाटत नाही.

आता चित्रपटांकडे वळू. या कथेचे रूपांतर करणाऱ्या प्रत्येकाला पहिला प्रश्न पडतो तो प्रेमप्रसंग किती दाखवावा हा. माझ्या मते मात्र प्रत्येक रूपांतराचे बरेवाईट एकाच जागी ठरते, आणि ती जागा नवऱ्याची आहे. मरणारा माणूस कोण, कोठला, त्या समाजात त्याचे स्थान काय, त्याच्या मरणाने आपल्याला काही वाटते की नाही, यावर सगळा भार आहे. केनने त्याला परका ग्रीक केले, आणि कोराच्या तिरस्कारात त्याच्या परकेपणाचा मोठा वाटा ठेवला; फ्रँक तर त्याला मारताना त्याच्यावर जीवही लावून बसलेला असतो.

मेट्रो-गोल्डविन-मेयर या कंपनीने 1934 मध्येच पंचवीस हजार डॉलर मोजून चित्रपटाचे हक्क घेतले. पण त्याच वर्षी हॉलिवूडची नीतिसंहिता जोसेफ ब्रीन यांच्या कचेरीमार्फत कडक अंमलात आली. व्यभिचार आकर्षक रीतीने दाखवू नये, खुनाची पद्धत अनुकरणास सुचेल अशी नसावी, अशा तिच्या अटी होत्या, आणि या कथेत तर दोन्ही गोष्टी मुळापासून होत्या. मंजुरीवाचून हक्क बारा वर्षे कपाटात पडून राहिले. तेवढ्यात ही कथा युरोपात पोहोचली. 1939 मध्ये पिएर शनाल याने तिच्यावर फ्रेंच बोलपट काढला, त्यात मिशेल सिमॉन यांनी नवऱ्याचे काम केले.

खरा चमत्कार इटलीत घडला. ल्यूकिनो व्हिस्कोन्ती हा मिलानच्या सरदार घराण्यातील तरुण, पॅरिसमध्ये फ्रेंच दिग्दर्शक जाँ रन्वारचा साहाय्यक म्हणून काम करताना त्याला या कादंबरीच्या फ्रेंच भाषांतराचे टंकलिखित रन्वारकडून मिळाले. इटलीत परतल्यावर त्याला प्रथम इटालियन कथाकार व्हेर्गाच्या एका कथेवर चित्रपट काढावयाचा होता. फॅसिस्ट खात्याने त्यास परवानगी नाकारली, तेव्हा त्याने या अमेरिकन गुन्हेकथेला हात घातला. ‘ओसेस्सिओने’ हा चित्रपट 1943 मध्ये दाखवला गेला. व्हिस्कोन्तीने कॅलिफोर्नियाचा सगळा पोत उतरवून ठेवला आणि कथा पो नदीच्या सपाट, पाणथळ प्रदेशात, फेर्रारा व अंकोना यांच्या रस्त्यांवर आणून वसवली. येथील कोरा, म्हणजे जोव्हान्ना, रात्री उशिरा काम आटोपल्यावर उष्ट्या थाळ्यांच्या आणि रिकाम्या बाटल्यांच्या ढिगाऱ्यात एकटी बसते, सूप खाता खाता वर्तमानपत्र वाचू लागते आणि तेथेच तिला डुलकी लागते. तिला हा संसार का नकोसा झाला आहे, हे सांगण्यास मग एकाही संवादाची गरज राहत नाही. नवरा ब्रागाना ऑपेरातील पदे गातो, गायनाच्या स्पर्धेत उतरतो, लठ्ठ आहे, गावंढळ आहे, आणि तरीही प्रेक्षक त्याला निव्वळ अडथळा मानू शकत नाही. खून पडद्यावर दिसतच नाही. दिसतो तो उलटलेल्या मोटारीभोवतीचा पोलिसांचा पंचनामा. राजवटीला आपल्या देशाचे हे दरिद्री, घामट रूप रुचले नाही. चित्रपटाची मूळ निगेटिव्ह नष्ट झाली; व्हिस्कोन्तीने एक प्रत स्वतःजवळ जपून ठेवली म्हणून आज तो आपल्याला पाहावयास मिळतो. त्याने हक्क विकत घेतलेले नव्हते, त्यामुळे अमेरिकेत तो 1976 पर्यंत रीतसर दाखवता आला नाही. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये व्हिस्कोन्ती निवर्तला होता. पुढे नववास्तववाद म्हणून जो संप्रदाय जगभर गाजला, त्याचा आरंभ पुष्कळ अभ्यासक याच चित्रपटापासून मानतात.

हॉलिवूडची वाट 1944 मध्ये केनच्याच दुसऱ्या कथेने मोकळी केली. ‘डबल इन्डेम्निटी’ हा बिली वाइल्डरचा चित्रपट ब्रीन यांच्या कचेरीतून पार पडला, तेव्हा मेट्रोच्या कपाटातील दस्तऐवज बाहेर आले. 1946 च्या टे गार्नेटच्या चित्रपटात कोरा झालेली लाना टर्नर जवळजवळ सर्व वेळ पांढऱ्याशुभ्र पोशाखात वावरते, कारण पांढऱ्या रंगाने पापाची धग कमी होईल असा दिग्दर्शकाचा अंदाज होता. परिणाम उलटा झाला, आणि तो चित्रपटाच्या पथ्यावरच पडला: जमिनीवरून घरंगळत आलेली लिपस्टिक आणि तिच्यामागोमाग दारात उभी असलेली ती शुभ्र आकृती, हे दृश्य विसरता येत नाही. फ्रँकच्या भूमिकेत जॉन गारफील्डही उत्तम आहे. पण ग्रीक पापाडाकिस येथे निक स्मिथ झाला, म्हातारा, भला, निरुपद्रवी. त्याचा परकेपणा गेला आणि त्याबरोबर कोराच्या द्वेषाचे कारणही निम्मे गेले. दैवाने गुन्हेगारांचा हिशेब चुकता केला, हे फ्रँकच्या तोंडून शेवटी स्पष्ट वदवून घ्यावे लागले, इतके संहितेचे दडपण होते.

1981 मध्ये संहिता राहिली नव्हती. बॉब राफेल्सनने डेव्हिड मॅमेटकडून पटकथा लिहवून घेतली, छायालेखनास स्वीडिश दिग्दर्शक बर्गमनचा सहकारी स्वेन न्यूकव्हिस्ट होता, जॅक निकल्सन आणि जेसिका लँग यांनी भूमिका केल्या, आणि नवरा पुन्हा ग्रीक झाला. स्वयंपाकघरातील पिठाच्या टेबलावरील प्रसंगाची तेव्हा फार चर्चा झाली. तरीही चित्रपट कोराच्या मरणापाशी रस्त्याच्या कडेलाच थांबतो. न केलेल्या खुनाची शिक्षा, मृत्युकोठडी, कैफियत हे सर्व गळून जाते, आणि मग उरते ती एक कामुक दुर्घटना. सर्व मोकळीक मिळूनही हे रूपांतर सर्वांत दुबळे ठरले, हे मला निःसंकोच सांगितले पाहिजे. 1998 मध्ये हंगेरीत ग्यॉर्गी फेहेरने हीच कथा कृष्णधवल रंगात केली.

आणि 2008 मध्ये जर्मन दिग्दर्शक क्रिश्चियन पेट्झोल्डने ‘येरिशो’ काढला. त्याचा नवरा अली हा तुर्की वंशाचा, पूर्व जर्मनीच्या ओस पडत चाललेल्या भागात खाऊच्या टपऱ्यांची साखळी चालवणारा. भटक्या म्हणजे अफगाणिस्तानातून अवमानित होऊन परतलेला सैनिक. आणि पत्नी लॉरा ही प्रेमाने नव्हे, तर अलीने फेडलेल्या कर्जाने बांधलेली. ज्या देशात त्याने सर्व आयुष्य काढले, तो देश अलीला आपला मानत नाही, आणि बायको आपण विकत घेतलेली आहे हे त्याला ठाऊक आहे. आपले दिवस भरत आले हे हृदयरोगाने त्याला कळते. खुनाचा बेतही अखेरीस त्याच्या ध्यानात येतो. आणि तो गाडी आपल्याच हाताने कड्यावरून खाली घालतो. खून न होताच केनची कथा पूर्ण झाली. केनने नवऱ्याला गाणे दिले होते. पेट्झोल्डने त्याला निर्णय दिला. मूळ पुस्तकाशी घटनेघटनेने फारकत घेतलेले हे रूपांतर मला व्हिस्कोन्तीच्या बरोबरीचे वाटते.

ज्या वाचकांना ही वंशावळ स्वतः पडताळून पाहावयाची असेल, त्यांनी आधी कादंबरी वाचावी, ती एका बैठकीत संपते. मग 1943 चा इटालियन, 1946 चा अमेरिकन आणि 2008 चा जर्मन चित्रपट याच क्रमाने पाहावा, आणि प्रत्येक वेळी नजर प्रेमिकांवरून काढून नवऱ्यावर ठेवावी.