फौजेचा खर्च कुणाच्या नावे?

गावचा सारा तालुक्याच्या खजिन्यात पोचवायचं काम महाराचं होतं. डोईवर थैली, हातात काठी, पायाखाली कोसकोस वाट. थैलीत किती आहे, कुणाकडून किती आलं आणि ते कशापायी जाणार, हे लिहिलेलं दप्तर मात्र कुलकर्ण्याच्या घरात. महारानं पैसा वाहायचा, हिशेब वाचायचा नाही.

दोस्तहो, ही नुसती गावची रीत नव्हती. इंग्रजांचं अख्खं राज्य याच रीतीनं चाललं. तिथला कुलकर्णी बोटीतून यायचा आणि त्याला अर्थशास्त्रज्ञ म्हणायचे, एवढंच. सरकारी खर्चाचा, त्यातही फौजेच्या खर्चाचा सल्ला देणाऱ्या या मंडळींचा इतिहास आपल्याला शाळेत कुणी शिकवत नाही. आपल्याला लढाया शिकवतात. लढाईचं बिल कुणी भरलं ते शिकवत नाहीत.

सुरुवात १८५७ पासून करू. बंड मोडायला जो खर्च आला तो हिंदुस्थानच्या नावे टाकला गेला. १८५८ साली कंपनीचं राज्य संपलं, पण कंपनीच्या भागीदारांना दरसाल साडेदहा टक्के लाभांश मिळतच राहिला, तोही १८७४ पर्यंत, आणि हिंदुस्थानच्या महसुलातून. म्हंजे धनी बदलला, आणि जुन्या धन्याचा हिस्सा कुळानंच द्यायचा!

तिजोरीत खड्डा पडला होता. तो भरायला १८५९ मध्ये जेम्स विल्सन आला. आधी टोप्या बनवायचा धंदा केलेला माणूस, पुढे 'इकॉनॉमिस्ट' या साप्ताहिकाचा संस्थापक. त्यानं १८६० साली इथलं पहिलं बजेट मांडलं, इन्कम टॅक्स लावला आणि त्याच ऑगस्टमध्ये कलकत्त्यात मेला. त्याच्यामागून १८६४ मध्ये फॉस्टर आणि व्हिफिन हे लंडनच्या सरकारी हिशेबखात्यांतले दोन जाणकार आले. सरकारी हिशेब कसे ठेवावेत हे इथल्यांना दाखवायला.

ही माणसं चोर होती असं मी म्हणत नाही. त्यांनी वही सरळ केली, रकाने आखले, बेरजा जुळवल्या. पण वही सरळ असणं वेगळं आणि वहीत न्याय असणं वेगळं. गिरणीतल्या पगाराच्या कागदावर बेरीज कधी चुकत नाही. दंड कापलेला असतो, खाडा कापलेला असतो, आणि खालचा आकडा पैपर्यंत बरोबर असतो. खाडा का पडला याचा रकाना त्या कागदावर नसतो.

आता वहीतल्या नोंदी बघा. १८६१ पासून हिंदुस्थानात येणाऱ्या दर गोऱ्या शिपायामागे दहा पौंड इंग्लंडच्या युद्धखात्याला द्यायचं ठरलं. कशाबद्दल? तर त्याला तिकडं कवायत शिकवली त्याची फी. १८६७-६८ मध्ये इंग्रजांची अॅबिसिनियावर स्वारी झाली. तिथल्या राजानं इंग्रज माणसं कैदेत टाकली होती. भांडण इंग्लंडचं, पण हिंदी पलटणी नेल्या, आणि त्यांचा नेहमीचा पगार हिंदुस्थानच्याच खात्यावर राहिला. त्याच १८६७ मध्ये तुर्कस्तानचा सुलतान लंडनला पाहुणा गेला. त्याच्या मानासाठी इंडिया ऑफिसात नाचाची मेजवानी झाली. तिचं बिलही इकडंच. नाचले ते, पाय दुखले आपले.

या नोंदी पार्लमेंटात चव्हाट्यावर मांडणारा माणूस होता हेन्री फॉसेट. केंब्रिजचा अर्थशास्त्राचा प्रोफेसर. शिकारीत छर्रे लागून १८५८ साली त्याचे दोन्ही डोळे गेलेले. दुसऱ्यांनी वाचून दाखवलेले आकडे ध्यानात ठेवायचा आणि सभागृहात सरकारला जाब विचारायचा. डोळसांना जे दिसत नव्हतं ते या अंध माणसाला दिसलं, कारण त्यानं खर्च किती एवढंच विचारलं नाही, तो कुणाच्या नावे हेही विचारलं. १८७१ पासून पार्लमेंटची कमिटी हिंदुस्थानच्या अर्थकारभाराची चौकशी करायला बसली, तिच्यामागं त्याचा रेटा होता. दादाभाई नौरोजींनी तिच्यापुढं साक्ष दिली.

मग १८९५ चं वेल्बी कमिशन. अध्यक्ष ब्रिटिश तिजोरीत मुरलेला अधिकारी. दादाभाई स्वतः सभासद. १८९७ मध्ये गोखले, वाच्छा, सुरेंद्रनाथ, सुब्रह्मण्य अय्यर लंडनला जाऊन साक्षी देऊन आले. फौजेचा खर्च, लंडनला जाणारी रक्कम, सगळं त्यांनी आकड्यांनिशी मांडलं. गोखल्यांचं वय तेव्हा एकतीस. अहवाल १९०० मध्ये आला. दादाभाईंनी दोन इंग्रज सभासदांना घेऊन आपलं वेगळं मत नोंदवलं. बहुमतानं जी सूट सुचवली ती दर्यामे खसखस होती.

या माणसांची मेहनत खोटी नव्हती. हिंदुस्थान किती देतो हे त्यांनी जगाला दाखवलं. पण हिंदुस्थान म्हंजे कोण? वाड्यातला की वाड्याबाहेरचा?

इथं मीठ आणू. रुपयाचा भाव घसरत होता, आणि १८८५ च्या लढाईनंतर घेतलेला वरचा ब्रह्मदेश पोसायचा होता. १८८८ साली मिठावरचा कर मणामागं दोन रुपयांवरून अडीच रुपये झाला. मीठ शेठजी खातो आणि मजूरही खातो. शेठजीच्या ताटात दहा पदार्थांत एक मीठ. ज्याच्या भाकरीवर कोरड्यास नाही त्याच्याकडं मीठमिरचीच कोरड्यास. दहा तास घाम गाळणाऱ्याला ते जास्तच लागतं. म्हणून मिठावरचा कर वरून सारखा दिसतो आणि खाली जाईल तसा जड होतो.

आणि नेमक्या याच काळात, १८९२-९३ च्या सुमारास, महारांची फौजेतली भरती बंद झाली. ज्यांची नावं १८१८ च्या लढाईनंतर कोरेगावच्या खांबावर कोरली गेली, ती जात आता 'लढाऊ' नाही असं साहेबानं ठरवलं. पेन्शनीत निघालेल्या गोपाळबाबा वलंगकरांनी १८९४ मध्ये त्याविरुद्ध अर्ज तयार केला. पहिल्या महायुद्धात माणूस कमी पडला तेव्हा १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभी केली. गरज सरली, १९२१ मध्ये मोडली.

आता हा जमाखर्च मांडा. फौजेत जागा नाही. फौजेच्या खर्चात मात्र वाटा आहे, रोजच्या भाकरीबरोबर. हा आकडा कुठल्या तज्ज्ञाच्या वहीत सापडतो? नाही सापडत. कारण मिठाचं उत्पन्न एका पानावर, फौजेचा खर्च दुसऱ्या पानावर, आणि भरती बंद केल्याचा हुकूम वहीतच नाही.

१९२२ मध्ये पुन्हा तिजोरी आटली. खर्चकपात सुचवायला लॉर्ड इंचकेपची कमिटी नेमली. इंचकेप म्हंजे सरकारी टपाल आणि पलटणी वाहणाऱ्या आगबोट कंपन्यांचा बडा मालक. त्याच्या कमिटीनं १९२३ च्या मार्चमध्ये सुमारे सव्वाएकोणीस कोटींची कपात सुचवली, त्यातली सुमारे साडेदहा कोटी फौजेच्या खर्चात. मोठं काम झालं म्हणून वाहवा झाली. आणि त्याच महिन्यात अर्थमंत्री ब्लॅकेटनं मिठावरचा कर सव्वा रुपयाचा अडीच रुपये केला! असेंब्लीनं तो फेटाळला. व्हाइसरॉय रीडिंगनं आपल्या खास अधिकारात तो लादला. पुढच्या वर्षी लोकांच्या ओरड्यानं खाली आणावा लागला. म्हंजे कापणारे तज्ज्ञ एका टेबलावर, वाढवणारे तज्ज्ञ दुसऱ्या टेबलावर. दोघांचाही हिशेब बरोबर, आणि मधे चिरडला कोण?

तेव्हाच, १९२३ च्या एप्रिलमध्ये, लंडनहून एक माणूस मुंबईच्या बंदरात उतरला. सुभेदाराचा मुलगा. ज्या फौजेनं त्याच्या जातीला दार लावलं तिच्याच छावणीत, महूला जन्मलेला. त्यानं १९१५ मध्येच, वयाच्या चोविसाव्या वर्षी, कोलंबिया विद्यापीठात ईस्ट इंडिया कंपनीच्या कारभारावर आणि अर्थव्यवहारावर प्रबंध लिहिला होता. दोस्तहो, आपल्यातल्या कित्येकांचं वय आज तेवढंच आहे. १९२५ मध्ये प्रांतिक अर्थकारणावरचं त्याचं पुस्तक लंडनला छापलं गेलं. त्यात बाबासाहेबांनी जे दाखवलं ते कुठल्या कमिशनला दिसलं नव्हतं. जे सरकार लोकांना जबाबदार नाही, ते चहामळेवाल्यावर कर बसवायलाही भितं आणि समाजातल्या अन्यायी रूढीला हात घालायलाही भितं. कर आणि जात हे दोन वेगळे विषय नाहीत.

त्याच वर्षाच्या डिसेंबरात हिल्टन यंग कमिशनपुढं त्यांची साक्ष झाली. रुपया स्वस्त झाला की देशाचा फायदा होतो, असं व्यापारी म्हणत. बाबासाहेबांनी सांगितलं, तो फायदा परदेशातून येत नाही. देशातल्याच एका वर्गाच्या खिशातून दुसऱ्याच्या खिशात जातो, आणि रिकामा होणारा खिसा मजुराचा असतो. सल्लागार असा असावा लागतो.

गोरा कुलकर्णी गेल्यावर काय? ३० मे १९४९ ला घटना समितीत महालेखापरीक्षकाच्या पदावर चर्चा झाली. बाबासाहेब म्हणाले की घटनेतला हा बहुधा सगळ्यांत महत्त्वाचा अधिकारी, न्यायाधीशांपेक्षाही याचं काम मोठं. आपल्याकडं या भाषणाची आठवण कुणी काढत नाही. कलमं पाठ करतो आणि हिशेबाला कंटाळतो. पण ज्यानं आयुष्यभर साम्राज्याच्या वह्या वाचल्या होत्या त्याला ठाऊक होतं की खर्च करणारा आणि हिशेब तपासणारा एकाच्याच ओंजळीनं पाणी पिऊ लागले, की वही पांढरी दिसते आणि आत सगळं काळं असतं.

आणि १९५१ च्या ऑक्टोबरात, मंत्रिपद सोडतानाच्या निवेदनात, त्यांनी दोन आकडे देशापुढं ठेवले. वर्षाचा महसूल साडेतीनशे कोटी, त्यातले फौजेवर सुमारे एकशे ऐंशी कोटी. निम्म्याहून जास्त. फौज नको असं त्यांचं म्हणणं नव्हतं. १९४१ मध्ये महार रेजिमेंट उभी राहावी म्हणून झटलेला हा माणूस. त्यांचा सवाल असा, की ज्या परराष्ट्र धोरणापायी एवढी फौज लागते ते धोरण कुणी तपासायचं? फौजेचं नाव घेतलं की आपल्याकडं तोंडं बंद होतात. त्यांचं झालं नाही.

मग आपण काय करायचं? मोर्चा काढायचाच. पण मोर्चाच्या आदल्या रात्री बजेटचं पुस्तक उघडायचं. २०१० च्या राष्ट्रकुल खेळांपायी दिल्लीत अनुसूचित जातींच्या विशेष घटक योजनेचे शेकडो कोटी वळवले गेले. ते कळलं कसं? कुणीतरी माहितीच्या अधिकारात कागद मागितला, कुणीतरी बसून आकडे लावले. महालेखापरीक्षकाचे अहवाल विधिमंडळापुढं ठेवले जातात, ते कुणालाही वाचता येतात. भाषा किचकट आहे, कबूल. कुलकर्ण्याची मोडीही किचकटच होती, आणि तीही आपल्याला वाचता येऊ नये अशीच सोय होती.

तेव्हा प्रत्येक वस्तीत दोनचार पोरापोरींनी हे काम अंगावर घ्यावं. आपल्या नावचा पैसा कुठल्या पानावर निघाला आणि कुठल्या पानावर गडप झाला, एवढं एकच शोधावं. थैली आपल्या बापजाद्यांनी पुष्कळ वाहिली. आता दप्तर मागा.