रूट कॅनॉलमधलं द्रावण कुठवर पोहोचतं? एका प्रश्नाचा इतिहास

रूट कॅनॉल करताना डॉक्टर सिरिंजने दाताच्या मुळात जे द्रावण सोडतात, ते बहुतेक वेळा सोडियम हायपोक्लोराइट असतं. म्हणजे घरातल्या ब्लीचचा मुख्य घटक. हे दातात आलं कुठून?

पहिल्या महायुद्धात हेन्री डेकिन आणि अलेक्सिस कॅरेल यांनी सैनिकांच्या जखमा धुवायला साधारण ०.५ टक्के हायपोक्लोराइट वापरलं. रबरी नळ्यांमधून ते ठरावीक वेळाने जखमेत सोडलं जाई. पुढे दंतवैद्यांनी ते उचललं. १९४१ साली ग्रॉसमन आणि मेमन यांनी पल्प कोणत्या रसायनात विरघळतो हे तपासलं, आणि त्यात तीव्र हायपोक्लोराइट उजवं ठरलं.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या. द्रावण उसनं घेता आलं, पण जखमेचा आकार उसना घेता येत नाही. जखम उघडी असते. मुळाची नळी अरुंद, आणि खाली हाडाने वेढलेली. त्यामुळे 'द्रावण कोणतं?' याच्या जोडीला दुसरा प्रश्न आला: 'ते टोकापर्यंत जातं का?'

१९८३ साली चाऊ यांनी दाखवलं की सुईच्या टोकापलीकडे द्रावण फारसं धूत नाही. मग सुई खोल न्या, जोर लावा, असं वाटणं साहजिक आहे. पण त्याआधीच, १९७४ साली, बेकर आणि सहकाऱ्यांनी द्रावण मुळाबाहेर गेल्यावर काय होतं ते नोंदवलं होतं: तीव्र वेदना, सूज, त्वचेखाली रक्तस्राव. म्हणजे दाब कमी तर टोक अस्वच्छ, दाब जास्त तर रुग्णाला इजा. पुढचं बरंचसं संशोधन या कात्रीतून वाट काढण्यासाठीच झालं.

बाजूला छिद्र असलेली, बंद टोकाची सुई आली. तिने टोकावरचा दाब कमी होतो, पण द्रावणाची पोहोचही घटते. नंतर उलटा विचार झाला: द्रावण वरून ढकलण्याऐवजी खालून ओढून घ्यायचं. याला ऋण दाबाची पद्धत म्हणतात. २०१३ साली खान आणि सहकाऱ्यांनी तर सुईमुळे मुळाच्या टोकाशी येणाऱ्या दाबाची तुलना थेट शिरांमधल्या दाबाशी केली. शिरांमधला हा दाब पाऱ्याच्या जेमतेम काही मिलिमीटर इतकाच असतो. द्रावणाचा दाब त्याहून वाढला, तर ते शिरेत शिरू शकतं, हा त्यामागचा विचार.

आता संशोधनाला बसणाऱ्यांसाठी मुद्द्याची गोष्ट. प्रयोगशाळेत उपटलेल्या दाताचं टोक उघडं ठेवलं, तर द्रावण आरपार वाहतं आणि नळी स्वच्छ दिसते. तोंडात तसं होत नाही. टोक बंद असेल तर तिथे हवेचा बुडबुडा अडकतो आणि द्रावण पुढे सरकत नाही. २०१० साली टे आणि सहकाऱ्यांनी हाच फरक तपासला. सुई तीच, द्रावण तेच, पण बंद टोकाच्या दातात घाण जास्त उरली.

म्हणून जुना पेपर वाचताना निष्कर्षावर उडी मारू नका. आधी 'पद्धती' हा भाग उघडा आणि बघा: दाताचं टोक उघडं होतं की बंद? सुई किती खोल होती? मिनिटाला किती मिलिलिटर द्रावण सोडलं? ही तीन उत्तरं नसतील, तर दोन पेपरमधले आकडे शेजारी मांडून काहीच सिद्ध होत नाही.